मशीहा सेवक की पुत्र? इब्री ३ वाचताना अडले आहे

उंबरठा

नमस्कार मंडळी,

आमच्या छोट्या वाचनगटात या वेळी ‘परमेश्वराचा सेवक’ हा विषय माझ्याकडे आला आहे. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातली चार सेवकगीतं (४२:१-४, ४९:१-६, ५०:४-९ आणि ५२:१३ ते ५३:१२) लहानपणापासून ऐकत आले. वाटलं होतं, तासाभरात टिपणं होतील. आज तिसरी रात्र आहे आणि वहीत जेमतेम अर्धं पान भरलं आहे.

यशयात देव म्हणतो, हा पाहा माझा सेवक. मत्तय आपल्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात हेच गीत येशूला लावतो. इथवर सगळं सरळ आहे. पण इब्री ३:५-६ (नव्या करारातलं ‘इब्री लोकांस पत्र’) काढून पाहा. मोशे देवाच्या घरात विश्वासू होता तो सेवक म्हणून, आणि ख्रिस्त विश्वासू आहे तो पुत्र म्हणून, असा स्पष्ट फरक तिथे केला आहे. मग यशयाचा सेवक कुठे गेला?

‘खरा तो पुत्रच, सेवकाचं रूप काही काळापुरतं घेतलं’ असं गटात कुणीतरी म्हणेलच. मला ते पटत नाही. तसं असेल तर शिष्यांचे पाय धुणं हे एक दृश्य होऊन बसतं, आणि वधस्तंभही. त्याचं सेवकपण त्याच्या पुत्रपणातूनच आलं आहे असं मला मनापासून वाटतं, पण ते वचनांवरून दाखवता येत नाहीये. वाचन, अनुभव, मतभेद, जे असेल ते लिहा.

रातराणी

वाचतेय. या विषयावर मला लिहायचं आहे, पण जरा धीर गोळा करून येते.

खडीसाखर

माझा प्रश्न अगदी पहिल्या इयत्तेतला आहे, रागावू नका. मशीहा म्हणजे राजा ना? लोक राजाची वाट पाहत होते. मग त्याला सेवक म्हटलेलं त्यांना खटकलं नाही का?

जुनीवही

खडीसाखर, यात रागावण्यासारखं काय? प्रश्न चांगलाच आहे.

मशीहा म्हणजे अभिषिक्त, ज्याच्या डोक्यावर तेल ओतून नेमणूक झाली तो. राजांचा अभिषेक होई, याजकांचाही होई. यशया ४५:१ मध्ये तर पारसचा राजा कोरेश यालाही देवाचा अभिषिक्त म्हटलं आहे. म्हणजे मुळात हा कामावर नेमलेल्या माणसाचा शब्द. काम मोठं आणि नेमणारा त्याहून मोठा.

सेवक हा शब्दही आपण समजतो तेवढा खालचा नव्हता. १९०४ साली मगिद्दोच्या उत्खननात एक मुद्रा सापडली. तिच्यावर डरकाळी फोडणारा सिंह आणि अक्षरं अशी: ‘शेमाची, यराबामाच्या सेवकाची’. हा शेमा पाणी भरणारा गडी नव्हे, राजाच्या नावाने मोहोर उठवणारा अधिकारी. ‘अमक्याचा सेवक’ म्हणवून घेणं ही त्याच्या पदाची खूण होती. (मूळ मुद्रा पुढे इस्तंबूलला नेली आणि हरवली. आज तिचे ठसे तेवढे उरलेत, याची मला फार हळहळ वाटते.)

दावीदालाही देव ‘माझा सेवक दावीद’ असंच म्हणतो, २ शमुवेल ७ पाहा. यहेज्केल ३४ मध्ये येणारा मेंढपाळ ‘माझा सेवक दावीद’ आहे. जखऱ्या ३:८ मध्ये ‘माझा सेवक, तो अंकुर’. तेव्हा राजा सेवक असणं इब्री कानाला खटकणारं नव्हतंच. खटकलं असेल ते पुढचं, ५३ व्या अध्यायातलं. हा सेवक मार खातो, त्याचं रूप पाहवत नाही, लोक तोंड फिरवतात.

भाषावेडा

जुनीवहीकाकांनी इब्री भाषेतलं सांगितलं, मी ग्रीककडे वळतो. उंबरठाताई, तुमची निम्मी अडचण भाषांतरातून आली आहे. मराठीत आपण सेवक आणि दास या दोनच शब्दांवर भागवतो. ग्रीकमध्ये इथे तीन वेगळे शब्द आहेत.

यशया ४२:१ आणि ५२:१३ मधल्या इब्री ‘एबेद’साठी जुन्या ग्रीक भाषांतराने, म्हणजे सेप्टुआजिंटने, ‘पाइस’ शब्द घेतला. पाइस म्हणजे सेवक, आणि पाइस म्हणजे मूलही. मत्तय १२:१८ मध्ये हाच शब्द आहे. प्रेषितांची कृत्ये ३ आणि ४ मध्ये पेत्र आणि मंडळी येशूला चार वेळा देवाचा पाइस म्हणतात. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात यातल्या काही जागी पुत्र किंवा बालक असं केलं आहे, नंतरच्या भाषांतरांनी सेवक केलं. दोन्ही बाजूंना आधार आहे, कारण शब्दाच्या पोटातच दोन्ही आहेत.

‘दिदाखे’ या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती पुस्तिकेतल्या भोजनाच्या प्रार्थनाही पाहा. ‘तुझा पाइस दावीद’ आणि लगेच ‘तुझा पाइस येशू’. तिथे भाकर मोडताना लोक त्याला याच नावाने हाक मारत होते.

आता इब्री ३:५. तिथे मोशेसाठी पाइस नाही, ‘थेरापोन’ आहे, आणि अख्ख्या नव्या करारात तो या एकाच जागी येतो. तो गणना १२:७ च्या ग्रीक भाषांतरातून उचलला आहे, ‘माझा सेवक मोशे माझ्या सगळ्या घरात विश्वासू आहे’. म्हणजे लेखक तिथे यशयाच्या सेवकाबद्दल बोलतच नाही. तो मोशेची आणि ख्रिस्ताची तुलना करतोय.

तिसरा शब्द ‘डूलोस’, फिलिप्पै २:७ मधला. तो सरळ गुलाम.

पाथेय

सगळे फार लवकर येशूपाशी पोहोचले, म्हणून जरा थांबवतो. मी स्वतः श्रद्धेने वाचणारा आहे, पण यशयाला आधी यशया म्हणून वाचू या.

सेवक कोण, हे पुस्तक स्वतःच सांगतं. ४१:८, ‘हे इस्राएला, माझ्या सेवका’. ४४:१ तेच. ४९:३, ज्याला तुम्ही सेवकगीत म्हणता त्याच्या आतच, ‘तू माझा सेवक इस्राएल’. बंदिवासात पिचलेल्या लोकांना हे सांगितलं जातंय. राशी (१०४० ते ११०५) या थोर यहूदी भाष्यकारानेही ५३ वा अध्याय इस्राएल लोकांवर घेतला. त्याच्या हयातीतच, १०९६ साली, पहिल्या क्रूसयुद्धाच्या टोळ्यांनी ऱ्हाइनकाठच्या यहूदी वस्त्यांमध्ये कत्तली केल्या होत्या. क्रूसाचं चिन्ह अंगावर लावलेल्यांच्या हातून मरणाऱ्यांनी ‘वधाकडे नेला जाणारा कोकरा’ आपल्याच लोकांत पाहिला असेल, तर त्यांना चूक म्हणायची माझी छाती होत नाही.

‘चार सेवकगीतं’ अशी वेगळी काढण्याची पद्धतही तशी अलीकडची. बर्नहार्ड डूम या जर्मन अभ्यासकाने १८९२ च्या भाष्यात ती मांडणी केली. गीतं कापून बाजूला ठेवली की आजूबाजूचा इस्राएल दिसेनासा होतो.

जुनीवही

पाथेय, १०९६ बद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वाचून थोडा वेळ नुसता बसलो. ते विसरून हा अध्याय वाचूच नये.

पण यशयाच्याच आत आणखी एक गाठ आहे. ४९:३ मध्ये सेवक इस्राएल आहे हे खरं. पण ४९:५-६ मध्ये त्याच सेवकाचं काम काय? याकोबाला परत आणायचं, इस्राएलला गोळा करायचं. इस्राएलला परत आणणारा इस्राएल! आणि ४२:१९ वाचा. गीत संपून पंधरा ओळी होत नाहीत तोच देव विचारतो, माझ्या सेवकाइतका आंधळा कोण? मी पाठवलेल्या दूताइतका बहिरा कोण?

एक सेवक आंधळा, बहिरा. आणि ५० व्या अध्यायात दुसरा, ज्याचा कान देव रोज सकाळी उघडतो आणि जो मागे फिरत नाही. माझ्या मते ‘विश्वासू’ शब्दाचं वजन इथे आहे. सगळ्या लोकांना दिलेलं काम अखेर एक जण पार पाडतो, त्यांच्यातलाच एक होऊन, त्यांच्या नावाने. तो इस्राएलच आहे, एका माणसात उभा राहिलेला.

पाथेय

काका, हे बरंच पटण्यासारखं आहे. पण एक विसरू नका. त्या आंधळ्या सेवकाला देवाने टाकलेलं नाही. ४३:८ मध्ये आंधळ्यांनाच बोलावतो आणि ४३:१० मध्ये त्यांनाच म्हणतो, तुम्ही माझे साक्षी, माझा निवडलेला सेवक. ख्रिस्ती वाचनात पुष्कळदा ‘ते नापास झाले, हा पास झाला’ असा सूर येतो. तो मला सहन होत नाही.

जुनीवही

मान्य, पूर्ण मान्य. तो सूर माझ्याही लिहिण्यात डोकावला असेल तर मागे घेतो.

सूरपेटी

थोडं अवांतर. आमच्या गायनवृंदात आम्ही हेंडेलची ‘मसायाह’ बसवत होतो (पहिला प्रयोग डब्लिन, १३ एप्रिल १७४२). सगळ्यांना ‘हालेलूया’ माहीत असतं. मला मात्र त्यातलं यशया ५३:३ वरचं एकल गाणं मिळालं होतं, तुच्छ लेखलेला, माणसांनी टाकलेला. ते फार संथ आहे, आणि मधला भाग झाला की परत पहिल्यापासून गायचं असतं. तालमीत मला वाटायचं, इतकं कशाला रेंगाळायचं?

मग एकदा लक्षात आलं की शब्दांच्या मध्ये वाद्यं थांबतात. एक शब्द, मग शांतता. पुन्हा शब्द. त्या शांततेत मी एकटी उभी असायची. त्या दिवसापासून मी हे वचन भरभर वाचूच शकत नाही. मला अभ्यासातलं फार कळत नाही, पण ज्याच्यासोबत कुणी नाही तो कसा असतो हे त्या गाण्याने मला दाखवलं.

खडीसाखर

सूरपेटीताई, अंगावर काटा आला. आज रात्री ऐकणार.

रातराणी

लिहिते म्हटलं होतं, लिहिते.

मी अनेक वर्षं घरात एका अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं केलं आहे. नातं सांगत नाही. त्या माणसाचा हातही उठायचा. मी तेव्हा ज्या मंडळीत जात होते तिथे एका वडीलधाऱ्यांना हे सांगितलं. त्यांनी १ पेत्र २ काढून दिलं: चाकरांनो, कठोर धन्याच्याही अधीन राहा, ख्रिस्ताने दुःख सोसलं, तो शिवीला शिवी देत नव्हता. ‘सेवक हो,’ म्हणाले. मी घरी आले आणि यशया ५३ चं पान बंद केलं. पुढची कित्येक वर्षं उघडलं नाही.

नंतर एका मैत्रिणीने मला ५० वा अध्याय पुढपर्यंत वाचायला लावला. आपण सहावी ओळ वाचतो, मी मारणाऱ्यांपुढे पाठ केली. तिथेच थांबतो. आठवी ओळ कोण वाचतं? तिथे तोच सेवक ताठ उभा राहून विचारतो, मला न्याय देणारा जवळ आहे, माझ्याशी कोण झगडणार? येऊ दे समोर! हा मुका माणूस नाही. मग योहान १८:२३ आठवलं. महायाजकापुढे एका शिपायाने येशूला थोबाडीत मारली, तेव्हा त्याने विचारलं, मी चूक बोललो असेन तर दाखव, नाहीतर मला का मारतोस?

तेव्हा मला कळलं की तो देवाचा सेवक होता, त्या शिपायाचा नव्हता. जो खरोखर देवाचा सेवक आहे त्याच्यावर दुसऱ्या कुणाची मालकी चालत नाही. पौलही १ करिंथ ७:२३ मध्ये म्हणतो, तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात, माणसांचे गुलाम होऊ नका. मी काम सोडलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मदतीला माणूस ठेवला आणि हात उठला की खोलीबाहेर जायचं ठरवलं. उंबरठाताई, तुमच्या गटात माझ्यासारखी एखादी बसलेली असेल. तिच्यासाठी आठवी ओळ नक्की वाचा.

उंबरठा

रातराणी, तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला. आठवी ओळ मी स्वतः वाचणार, मोठ्याने.

जुनीवही

रातराणीताई, माझ्याकडूनही पूर्वी कुणाला असं पान काढून दिलं गेलं असेल, या विचाराने आज झोप लागणार नाही. लिहिलंत हे फार बरं केलंत.

भाषावेडा

रातराणींच्या मुद्द्याला भाषेचा आधार देतो. ४२:३ सगळ्यांना पाठ असतं: चेपलेला बोरू तो मोडणार नाही, मिणमिणती वात विझवणार नाही. इब्रीत ‘चेपलेला’ आणि ‘मिणमिणती’ या शब्दांचीच मुळं पुढच्या ओळीत परत येतात, आणि तिथे ती सेवकाबद्दल आहेत: पृथ्वीवर न्याय स्थापन करीपर्यंत तो मिणमिणणार नाही, चेपला जाणार नाही. भाषांतरात हा खेळ बहुतेक वेळा हरवतो. जो स्वतः विझत नाही तोच दुसऱ्याच्या वातीला जपतो. त्याची सौम्यता दुबळी नाही.

४२:३ च्या शेवटी तो न्याय ‘लेएमेथ’ आणतो, म्हणजे सत्याने, विश्वासूपणे. ‘आमेन’चं मूळ तेच. गणना १२ मध्ये मोशेला विश्वासू म्हटलंय तेही त्याच मुळातून. प्रकटीकरण ३:१४ मध्ये ख्रिस्ताला ‘आमेन, विश्वासू व खरा साक्षी’ म्हटलं आहे ते यामुळेच मला इतकं भिडतं.

पायरी

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहिते. उंबरठाताई, तुमचं उत्तर त्याच पत्रात दोन अध्याय पुढे आहे, असं वाटतं. इब्री ५:८: ‘तो पुत्र असूनही, जे दुःख त्याने सोसलं त्यातून आज्ञापालन शिकला.’

उंबरठा

पायरी!! मी तिसऱ्या अध्यायापाशीच घुटमळत बसले होते.

खडीसाखर

पण ‘शिकला’ म्हणजे काय? आधी येत नव्हतं का? देवाच्या पुत्राला आज्ञापालन शिकावं लागतं हे मला अवघड जातंय.

जुनीवही

आज्ञा मोडणारा होता आणि मग पाळणारा झाला, असा अर्थ नाही. त्याच पत्रात ४:१५ ला तो पापरहित म्हटला आहे. पोहण्याचं सगळं माहीत असलं तरी पाण्यात उतरल्याशिवाय पोहणं घडत नाही, तसं काहीसं. गेथशेमाने बागेत ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारून तो म्हणतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो (मार्क १४:३६). हाक पुत्राची आणि उत्तर सेवकाचं, एकाच श्वासात. ‘हो’ म्हणणं जिथे खरोखर जड जातं तिथे तो ‘हो’ म्हणाला. ते स्वर्गात बसून घडलं नसतं.

भाषावेडा

कानाचा धागाही इथे जुळतो. स्तोत्र ४०:६ मध्ये इब्री मूळ आहे, ‘तू माझे कान खोदलेस’, म्हणजे ऐकण्यासाठी उघडलेस. सेप्टुआजिंटमध्ये तिथे येतं, ‘तू माझ्यासाठी शरीर तयार केलंस’. इब्री १०:५ हे दुसरं रूप घेतं आणि ख्रिस्त जगात येतानाच्या तोंडी घालतं: पाहा, तुझी इच्छा पूर्ण करायला मी आलो आहे. ऐकणाऱ्या कानापासून सुरुवात झाली आणि सगळं शरीरच ऐकणारं झालं.

निर्गम २१:५-६ मधला तो दासही आठवतो, जो सुटका मिळत असूनही ‘माझं धन्यावर प्रेम आहे’ म्हणतो आणि दाराशी ज्याचा कान आरीने टोचला जातो. यशया ५० मध्ये शब्द वेगळे आहेत, त्यामुळे थेट संबंध आहे असं म्हणणार नाही. पण मनात ते चित्र येतंच.

आणि ताई, तुमच्या ‘काही काळापुरतं रूप’ या काळजीबद्दल. फिलिप्पै २:६ आपण वाचतो ‘देवाच्या स्वरूपाचा असूनही’. ग्रीकमध्ये ‘असूनही’ हा शब्द नाही, नुसतं ‘असता’ आहे. काही अभ्यासक तिथे ‘असल्यामुळे’ असं वाचतात. देवाच्या स्वरूपाचा असल्यामुळे त्याने स्वतःला रिक्त केलं. दोन्ही वाचनं व्याकरणात बसतात. मला दुसरं अधिक पटतं.

पाथेय

आणि तो रिक्त होऊन कुठवर गेला हेही बघा. रोमन जगात वधस्तंभ ही विशेषतः गुलामांची शिक्षा होती. इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर सुमारे ६,००० कैद्यांना कापुआ ते रोम रस्त्यावर खिळलं होतं. फिलिप्पै हे रोमन वसाहतीचं शहर. तिथल्या लोकांना ‘गुलामाचं रूप’ आणि लगेच ‘वधस्तंभावरचं मरण’ हे एकाच दमात वाचताना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

उंबरठा

गट परवा झाला. धागा वर आणते, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सुरुवात प्रेषितांची कृत्ये ८ पासून केली. रथात बसून यशया ५३ वाचणारा तो कूशी अधिकारी फिलिप्पाला विचारतो, संदेष्टा हे कुणाविषयी म्हणतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कुणाविषयी? मी सांगितलं, आपणही आज हेच विचारणार आहोत. पाथेय, तुमचा इस्राएल आणि १०९६ दोन्ही मांडलं. खोली शांत झाली.

मग इब्री ३, नंतर ५:८. अपेक्षेप्रमाणे ‘रूप काही काळापुरतं’ हे आलंच. मी मार्क १४:३६ वाचलं आणि काकांचं वाक्य सांगितलं, हाक पुत्राची, उत्तर सेवकाचं. त्यावर कुणी वाद घातला नाही.

यशया ५०:४-५ वाचायला आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजोबांना दिलं. त्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी आधी खिशातून यंत्र काढलं, कानात बसवलं, ते नेहमीसारखं थोडं कुईं वाजलं, बोटाने आवाज जुळवला, आणि मग वाचलं. रोज सकाळी तो माझा कान जागा करतो. वाचून म्हणाले, ‘मी हे यंत्र रोज सकाळी घालतो, पण कुणाचं ऐकायला घालतो हे कधी स्वतःला विचारलं नव्हतं.’

आठवी ओळ मी वाचली, रातराणी. संपल्यावर एक जण माझ्याकडे आली आणि ती ओळ लिहून मागितली. एवढंच सांगते.

रातराणी

🙏 आता पुढचं काही लिहवत नाही.

पाथेय

ताई, मी अजूनही म्हणेन की ५३ आधी इस्राएलचा आहे. पण इब्री ५:८ रोज वाचतो आहे. पुढच्या वेळी तुमच्या गटात ४९:४ घ्या. तिथे सेवक म्हणतो, मी व्यर्थ श्रम केले, माझी शक्ती फुकट घालवली. विश्वासू सेवकाच्या तोंडचं हे वाक्य कुणी वाचतच नाही.

उंबरठा

४९:४ घेतलं. वाचायला मात्र तुम्हीच या.